वस्तूंची बेरीज

बेरीज ही सर्व गणितक्रियांत सोपी व म्हणूनच अगदीं निरुपद्रवी क्रिया होय, असा आपणां सर्वांचा समज असतो. शाळेंत जाऊं लागलेलें मूल प्रथम बेरीजच शिकतें. आणि एकदां ती आली म्हणजे तिच्याविषयीं पुन्हां विचार करण्याची पाळी सहसा कोणावर येत नाहीं. तथापि गेल्या साठ-सत्तर वर्षांत संगणकासाठीं ज्या भाषा निर्माण झाल्या त्यांच्या इतिहासाकडे पाहिलें, तर असें आढळून येईल कीं, दोन वस्तूंची बेरीज म्हणजे काय, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, ह्या एका प्रश्नावर मोठमोठ्या विद्वानांत मतभेद झाले, त्यांवरून भाषाभाषांत तट पडले, आणि तो वाद अद्यापहि मिटलेला नाहीं. आज आपल्या घरांतील मुलें-मुली विद्यालयांत वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग शिकूं लागतात, तेव्हां लवकरच "एका वर्गाच्या दोन वस्तूंची बेरीज करून दाखवा" असा पाठ त्यांच्यापुढें येतो. पाठ दिसण्यांत लहान आहे. परंतु त्याच्यामागें जो इतिहास आहे तो ध्यानांत आला, तर तो पाठ नुसता घोकण्याचा राहणार नाहीं. म्हणून त्या इतिहासाचें थोडक्यांत निरूपण करण्याचें येथें योजिलें आहे.

विषयाचें स्वरूप नीट समजावें म्हणून एक जुनें उदाहरण घेऊं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होईपर्यंत आपला पैशांचा व्यवहार रुपये, आणे व पै ह्यांत चालत असे. बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया. त्या काळीं शाळेंत साधी बेरीज संपली कीं मिश्र बेरीज शिकवीत. ३ रुपये १३ आणे ९ पै ह्यांत २ रुपये ५ आणे ७ पै मिळवावयाचे असले, तर प्रथम पैंची बेरीज सोळा. तिच्यांतून एक आणा हातचा घेऊन चार पै लिहावयाच्या. नंतर हातच्यासह आणे एकोणीस, त्यांतील सोळांचा एक रुपया हातचा व तीन आणे शिल्लक. आणि शेवटीं रुपये सहा. उत्तर ६ रुपये ३ आणे ४ पै. ह्या क्रियेंत ध्यानांत घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. रक्कम ही नुसती एक संख्या नव्हे. तीन अवयव मिळून झालेली ती एक वस्तु आहे. आणि तिच्या बेरजेचा नियम सामान्य अंकगणितांत सांपडत नाहीं. तो त्या वस्तूच्या स्वरूपांतूनच निघतो. बारांचा व सोळांचा हातचा ज्याला ठाऊक नाहीं, त्याला अंक येत असूनहि ही बेरीज येणार नाहीं. संगणकशास्त्रांत ज्याला 'वर्ग' म्हणतात तो असाच एक सांचा होय. वस्तूचे अवयव कोणते व तिच्यावर कोणत्या क्रिया कोणत्या रीतीनें करावयाच्या, हें सर्व त्या सांच्यांत सांगितलेलें असतें. आणि त्यांतून पडलेली प्रत्येक रक्कम ही त्या वर्गाची 'वस्तु'. एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

एका जातीच्याच वस्तूंची बेरीज होते, हा विचार आपल्याकडे पुरातन आहे. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या बीजगणितांत अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें देऊन त्यांचीं आद्याक्षरें मांडण्याची पद्धति सांगितली आहे. आणि मिळवणी व वजाबाकी समान जातीच्या राशींचीच करावी, भिन्न जातीच्या राशी पृथक् मांडून ठेवाव्या, असा स्पष्ट नियम घालून दिला आहे. चाळीसगांवाजवळील पाटण येथें १२०७ सालच्या शिलालेखांत ह्याच आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानें मठ स्थापिल्याची नोंद आहे. यावत्तावत् व कालक ह्यांची भेसळ होऊं नये म्हणून गणिती जी काळजी घेत, तीच काळजी यंत्रानें आपण होऊन घ्यावी, असा प्रयत्न आठ शतकांनंतर होऊं लागला, इतकेंच.

बेरजेचें + हें चिन्ह मात्र त्या मानानें अलीकडचें आहे. छापील पुस्तकांत तें प्रथम १४८९ सालीं लाइप्झिग येथें योहानेस विडमान ह्याच्या व्यापारी हिशोबाच्या ग्रंथांत आढळतें. मालाच्या वजनांत ठरल्यापेक्षां अधिक किती भरलें व उणें किती पडलें, हें दाखविण्याकडे त्याचा आरंभीं उपयोग होता. इंग्लंडांत रॉबर्ट रेकॉर्ड ह्यानें १५५७ सालच्या आपल्या ग्रंथांत बरोबरीचें चिन्ह नव्यानें योजिलें, त्याच ग्रंथानें अधिक व उणें हीं चिन्हें इंग्रज वाचकांच्या परिचयाचीं केलीं. व्यापाऱ्याच्या वखारींत जन्मलेलें हें चिन्ह पुढें गणितज्ञांनीं आपल्या इच्छेस येईल तेथें नेलें. अपूर्णांक आले, ऋणसंख्या आल्या, काल्पनिक संख्या आल्या. प्रत्येकीस तेंच चिन्ह लागू झालें. १८४३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत डब्लिन शहरीं विल्यम रोवन हॅमिल्टन ह्यास चार अवयवांच्या संख्यांची कल्पना सुचली; त्यांच्या बेरजेसहि त्यानें + हेंच चिन्ह वापरलें. ह्याविषयीं कोणाची परवानगी मागावी असें त्यास वाटलें नाहीं. कारण गणितांतील प्रघात असा कीं, नव्या जातीच्या राशी निर्माण करणारानें त्यांची बेरीज म्हणजे काय तें आरंभीं सांगावें, मग चिन्ह वापरावें. वाचक मनुष्य असतो. तो व्याख्या वाचतो व समजून घेतो.

यंत्राची गोष्ट निराळी. १९५७ सालीं अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीच्या जॉन बॅकस व त्याच्या सहकाऱ्यांनीं फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हां गणितांतील सूत्रें जवळजवळ जशींच्या तशीं यंत्रापुढें मांडतां येऊं लागलीं. परंतु त्या सूत्रांतील + ह्या चिन्हाचा अर्थ यंत्रास एक नव्हता. पूर्णांकांची बेरीज करण्याची यंत्रांतील आज्ञा वेगळी व दशांशयुक्त संख्यांची आज्ञा वेगळी. चिन्ह एकच लिहावयाचें, आणि त्याच्या दोहों बाजूंस कोणत्या जातीच्या संख्या आहेत हें पाहून योग्य ती आज्ञा निवडण्याचें काम भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनें करावयाचें, अशी ती योजना होती. दोन जाती एका सूत्रांत मिसळण्यास आरंभीं, थोडे अपवाद वगळतां, बंदीच होती. भास्कराचार्यांचा पृथक् मांडण्याचा नियमच जणूं यंत्राच्या दारावर पहाऱ्यास उभा राहिला. मात्र जाती किती व कोणत्या हें भाषेच्या कर्त्यांनीं ठरवून टाकलें होतें. ज्यास रुपये-आणे-पैची बेरीज हवी असेल, त्यानें त्या तीन संख्या सुट्या सुट्या बाळगाव्या व हातचे आपणच सांभाळावे.

नवी जात निर्माण करण्याचा मार्ग निघाला तो नॉर्वे देशांत. क्रिस्टेन निगार्ड (जन्म १९२६) हा १९४८ पासून तेथील संरक्षण-संशोधन संस्थेंत होता. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसंबंधींचें आंकडेमोडीचें काम त्यानें तेथें केलें आणि पुढें तो व्यवहारांतील गुंतागुंतीच्या योजनांचा गणितानें अभ्यास करण्याकडे वळला. ओले-योहान डाल (जन्म १९३१) हा त्याच संस्थेंतील कुशल प्रोग्रॅमकार. १९६० च्या दशकांत हे दोघे ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन-केंद्रांत एकत्र आले. त्यांच्यापुढील प्रश्न बेरजेचा नव्हता. रांगेंत उभीं असलेलीं गिऱ्हाइकें, त्यांची सेवा करणाऱ्या खिडक्या, बंदरांत येणारीं जहाजें, अशा चालत्याबोलत्या जगाची नक्कल यंत्रांत कशी करावी, हा त्यांचा प्रश्न होता. ह्यासाठीं त्यांनीं सिम्युला ही भाषा रचली. तिची पहिली आवृत्ति १९६४ च्या अखेरीस युनिव्हॅक ११०७ ह्या यंत्रावर चालूं लागली.

पुढें त्यांच्या असें लक्षांत आलें कीं, बस, मोटार व मालगाडी ह्या तिन्ही 'वाहनें' आहेत; त्यांत जें समान असेल तें एकदांच सांगतां आलें पाहिजे. १९६६ सालीं फ्रान्समधील एका उन्हाळी पाठशाळेंत इंग्रज पंडित टोनी होअर ह्यांनीं नोंदींच्या वर्ग-उपवर्गांविषयीं जीं व्याख्यानें दिलीं, त्यांचाहि त्यांच्या विचारांस आधार मिळाला. मे १९६७ मध्यें ऑस्लोनजीक लिसेबू येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत डाल व निगार्ड ह्यांनीं वर्ग आणि उपवर्ग ह्यांवरील आपला निबंध सादर केला. आणि सिम्युला ६७ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या भाषेंत आज आपण जिला वस्तुनिष्ठ पद्धति म्हणतों तिचा जन्म झाला. ह्या दोघांस त्याबद्दल २००१ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. आणि अनेक वर्षें एकत्र राबलेले हे दोघे मित्र २००२ च्या उन्हाळ्यांत दीड महिन्याच्या अंतरानें निवर्तले.

परंतु ह्या जन्मकथेंत एक उणीव राहून गेली होती. सिम्युलांत आपला स्वतःचा 'रक्कम' हा वर्ग बनवितां येई. त्यांत रुपये, आणे, पै हे अवयव ठेवतां येत. दोन रकमा घेऊन तिसरी नवी रक्कम देणारी क्रियाहि लिहितां येई. पण त्या क्रियेस 'मिळव' असें कांहीं नांव द्यावें लागे. दोन रकमांच्या मध्यें + हें चिन्ह घालतां येत नसे. तें चिन्ह भाषेच्या कर्त्यांनीं संख्यांसाठीं राखून ठेवलेलें. राजानें बांधलेल्या रस्त्यावर प्रजेनें घरें बांधावीं, पण रस्त्याचें नांव तिनें ठेवूं नये, तसाच हा प्रकार. वस्तु होत्या, त्यांची बेरीजहि होती. बेरजेचें चिन्ह मात्र नव्हतें.

त्याच १९६७ सालच्या ऑगस्टमध्यें कोपनहेगन येथील व्याख्यानांत क्रिस्टोफर स्ट्रेची ह्यानें ह्या सर्व घोटाळ्यास एक नांव दिलें. एकच चिन्ह निरनिराळ्या जातींच्या वस्तूंस लावतां येतें, ह्या गुणास त्यानें बहुरूपता म्हटलें. आणि तिचे दोन प्रकार केले. एका प्रकारांत नियम सर्व जातींस एकच असतो. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक जातीसाठीं नियम वेगळा असून चिन्ह मात्र सोयीसाठीं एक ठेवलेलें असतें. बेरजेचें चिन्ह हें ह्या दुसऱ्या, प्रसंगानुसार ठरणाऱ्या बहुरूपतेचें उदाहरण होय. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९६८ मध्यें, आड्रियान फान वाइनगार्डन ह्यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेल्या अल्गोल ६८ ह्या भाषेचा अहवाल म्युनिक येथें मान्य झाला. आणि तींत + ह्या चिन्हास नवे अर्थ देण्याचा, इतकेंच नव्हे तर नवीं चिन्हें घडविण्याचा व त्यांचा अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार प्रोग्रॅम लिहिणारास मिळाला. राखीव कुरण एकदम सर्वांस मोकळें झालें. परंतु ती भाषा इतकी अवघड समजली गेली कीं, त्या मोकळ्या कुरणांत चरावयास फारसें कोणी गेलेंच नाहीं.

ह्या पुढचें पाऊल अमेरिकेंत पडलें, आणि तें मोठें चमत्कारिक होतें. ॲलन के हा मूळचा गणित व जीवशास्त्र शिकलेला विद्यार्थी १९६६ सालीं युटा विद्यापीठांत गेला असतां, अल्गोलची म्हणून आलेली एक प्रोग्रॅमची फीत तपासण्याचें काम त्याच्या वांट्यास आलें. ती वस्तुतः नॉर्वेहून आलेल्या सिम्युलाची निघाली. तिच्यांतील वस्तूंची कल्पना पाहून त्यास सजीव पेशींचें स्मरण झालें. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीआड स्वतंत्र असते व दुसरीशीं केवळ निरोपानें बोलते. त्याचप्रमाणें प्रोग्रॅममधील प्रत्येक वस्तु असावी, असें त्याच्या मनानें घेतलें. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रांत १९७२ पासून त्यानें, डॅन इंगल्स व अडेल गोल्डबर्ग ह्या सहकाऱ्यांसह, स्मॉलटॉक ही भाषा घडविली ती ह्याच तत्त्वावर.

स्मॉलटॉकमध्यें ३ + ४ ह्याचा अर्थ असा होतो कीं, ३ नांवाच्या वस्तूस "तुझ्यांत ४ मिळव" असा निरोप धाडावयाचा, आणि ३ नें आपल्या समजुतीप्रमाणें उत्तर द्यावयाचें. ह्या दृष्टीनें संख्या आणि 'रक्कम' ह्यांत भेदच उरत नाहीं. दोन्ही वस्तु, दोन्ही निरोप ऐकणाऱ्या. सिम्युलानें राखून ठेवलेलें चिन्ह येथें कोणाचेंच राहिलें नाहीं व म्हणून सर्वांचें झालें. परंतु तत्त्व शेवटास नेलें कीं त्याची किंमतहि द्यावी लागते. सर्व चिन्हें जर सारखेच निरोप, तर गुणाकार बेरजेच्या आधीं कां व्हावा? म्हणून स्मॉलटॉकमध्यें ३ + ४ × २ ह्याचें उत्तर ११ न येतां १४ येतें; निरोप डावीकडून उजवीकडे ओळीनें पोंचतात. शाळेंत शिकलेला अग्रक्रम येथें पाळला जात नाहीं, हें पाहून नवशिक्यास धक्का बसतो. पण भाषेच्या कर्त्यांनीं तो जाणूनबुजून पत्करलेला होता.

आणखी एक खोंच ह्या निरोपांत दडलेली होती. बेरीज ही समतोल क्रिया आहे; तींत दोन्ही पदांचा मान सारखा. निरोप मात्र एकास धाडला जातो व दुसरें पद त्याच्यासोबत नुसतें पाठविलें जातें. डावीकडील वस्तु पूर्णांक असून उजवीकडील अपूर्णांक असेल, तर पूर्णांकानें काय करावें? त्यास अपूर्णांकांची माहिती असलीच पाहिजे असा नियम केला, तर उद्यां कोणी नवी जात निर्माण केली कीं सर्व जुन्या वर्गांत दुरुस्ती करणें आलें. इंगल्स ह्यानें १९८६ सालीं ह्यावर एक साधी युक्ति सुचविली. डावीकडील वस्तूनें उत्तर न देतां उजवीकडील वस्तूसच उलट निरोप धाडावा कीं, "मी पूर्णांक आहें, मला तुझ्याशीं मिळवून घे." अशा रीतीनें दोन निरोपांत दोघांचीहि जात उघड होते. पाहुण्यानें आपलें कूळ-गोत्र प्रथम सांगावें व मग यजमानानें पंगतीची जागा ठरवावी, तसा हा शिष्टाचार आहे.

युरोप-अमेरिकेंतील ह्या दोन विचारप्रवाहांतून जो मार्ग बहुजनांच्या अंगवळणीं पडला, तो ब्यार्न स्ट्रौस्ट्रुप ह्याचा. हा १९५० सालीं डेन्मार्कमधील ऑर्हुस येथें जन्मला. केंब्रिजला संशोधन करीत असतां त्यानें सिम्युला वापरली. तिची विचारपद्धति त्यास फार आवडली, पण मोठा प्रोग्रॅम चालवितांना तिची गति असह्य झाली व सर्व काम दुसऱ्या भाषेंत नव्यानें लिहावें लागलें. १९७९ सालीं बेल प्रयोगशाळेंत गेल्यावर त्यानें सी ह्या चपळ भाषेस सिम्युलाचे वर्ग जोडण्यास प्रारंभ केला. ह्या भाषेस १९८३ सालीं सी++ हें नांव मिळालें व ऑक्टोबर १९८५ मध्यें ती विक्रीस आली. प्रथम त्यानें वस्तूंस + लावण्याची सोय केली नव्हती. ती शिकविण्यास कठिण, यंत्रावर संथ व वाचकास गोंधळांत टाकणारी, असा प्रवाद त्याच्या कानीं आला होता. परंतु शास्त्रीय गणित करणारांचा आग्रह पडला. संमिश्र संख्यांचीं लांबलचक सूत्रें 'मिळव', 'गुण' अशा नांवांच्या जंजाळांत त्यांस वाचवेनात. म्हणून १९८३ च्या सुमारास त्यानें ती सोय भाषेंत आणली.

आणली, पण मर्यादा घालून. नवीं चिन्हें कोणी निर्माण करावयाचीं नाहींत. जुन्या चिन्हांचा अग्रक्रम कोणी बदलावयाचा नाहीं. आणि दोन पदांपैकीं निदान एक पद तरी आपल्या बनविलेल्या वर्गाचें असल्याखेरीज नवा अर्थ द्यावयाचा नाहीं. म्हणजे २ + २ ह्यांचें चार हें उत्तर कोणा लहरी प्रोग्रॅमकाराच्या हातांत जात नाहीं. शिवाय बेरजेची क्रिया वर्गाच्या आंत न ठेवतां बाहेर स्वतंत्र लिहिण्याची मुभा असल्यामुळें 'रक्कम अधिक संख्या' व 'संख्या अधिक रक्कम' ह्या दोहोंनाहि सारखाच मान मिळूं शकला. अल्गोल ६८ चें स्वातंत्र्य व फोर्ट्रानची शिस्त ह्यांमधील हा मध्यममार्ग होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मर्यादा असूनहि लोकांनीं स्वातंत्र्याचा अतिरेक केला नसता तरच नवल. यादींत नवें नांव घालण्यासाठीं +, दोन खिडक्या जोडण्यासाठीं +, असा प्रकार सुरू झाला. खुद्द सी++ च्या ग्रंथालयांतच, अंक डावीकडे सरकविण्याचें चिन्ह छापण्याच्या कामास जुंपलेलें होतें. त्याचा परिणाम म्हणून १९९५ सालीं सन कंपनीनें जावा ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हां तिचा कर्ता जेम्स गॉस्लिंग ह्यानें ही सोय समूळ काढून टाकली. सी++ मध्यें तिचा दुरुपयोग झालेला पुष्कळ पाहिला, हें कारण त्यानें दिलें आहे. जावांत संख्यांव्यतिरिक्त + चा अधिकार एका शब्दमालेस तेवढा राहिला. बाकी सर्वांनीं 'मिळव' ह्या अर्थाच्या नांवानें काम भागवावें. तेणेंकरून तीस वर्षांपूर्वींची सिम्युलाचीच स्थिति पुन्हां आली. फरक एवढाच कीं, तेव्हां ती न सुचल्यामुळें होती, आतां ती निश्चयपूर्वक होती.

ह्यावर घरांतूनच विरोध उठला. जावाच्या अधिकृत व्याकरणाच्या लेखकांपैकीं एक, गाय स्टील, ह्यानें १९९८ सालच्या एका व्याख्यानांत असा नियम पाळला कीं, एकावयवी इंग्रजी शब्द तेवढे उच्चारावयाचे आणि अनेकावयवी शब्द वापरावयाचा झाल्यास आधीं त्याची व्याख्या सांगावयाची. लहान भाषेंत बोलणें किती कष्टाचें असतें व वापरणारानें शब्द घडविल्यानें ती कशी वाढते, ह्याचा अनुभव श्रोत्यांस प्रत्यक्षच आला. त्याचें सांगणें असें कीं, भाषेचा कर्ता सर्व गरजा आधीं ओळखूं शकत नाहीं. म्हणून + सारख्या चिन्हांस अर्थ देण्याचा अधिकार वापरणारांसहि असावा. सन कंपनीनें व तिच्या वारसांनीं हा सल्ला पुढील पाव शतक तरी मानला नाहीं. उलट मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पनें व पुढें कोटलिननें तो अधिकार दिला. २००९ सालीं निघालेल्या गो भाषेनें तो पुन्हां नाकारला.

आज नवशिक्यांच्या हातीं बहुधा पायथॉन असते. हॉलंडमधील खीदो फान रोसुम ह्यानें १९८९ च्या डिसेंबरांत तिचा आरंभ केला व १९९१ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत 'ॲड' हें नांव दोहों बाजूंस दुहेरी अधोरेखा घालून वर्गांत लिहिलें कीं त्या वर्गाच्या वस्तूंस + लागू होतें. डावीकडील वस्तूनें बेरीज येत नाहीं असें कळविलें, तर उजवीकडील वस्तूस विचारणा होते. त्यासाठीं 'रॅड' ह्या दुसऱ्या नांवाची क्रिया आहे. इंगल्सचा शिष्टाचार येथें निराळ्या वेषांत पाळला जातो. विद्यार्थ्यांस चकविणारी एक गंमत ह्यांतच आहे. दोन रकमांची बेरीज बरोबर येते म्हणून विद्यार्थी आनंदानें दहा रकमांची यादी 'सम' ह्या तयार क्रियेच्या स्वाधीन करतो, आणि यंत्र अडून बसतें. कारण 'सम' आपली बेरीज शून्यापासून सुरू करते. तिचें पहिलेंच काम 'शून्य अधिक पहिली रक्कम' हें असतें, आणि शून्य ही रक्कम नसून साधी संख्या आहे. तेथें शून्य रुपये शून्य आणे शून्य पै अशी रक्कम आरंभास द्यावी, किंवा उजवीकडून विचारणा झाल्यास काय करावयाचें तें वर्गांत लिहावें. प्रत्येक जातीस तिचें स्वतःचें शून्य असतें, हा धडा विद्यार्थी येथें शिकतो.

ह्या सर्व वादांत व्यवहारदृष्ट्या खरोखर पणास लागलें आहे तें काय, हें एका दुर्घटनेवरून कळेल. ११ डिसेंबर १९९८ रोजीं अमेरिकेनें मंगळाच्या हवामानाच्या अभ्यासासाठीं एक यान सोडलें. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं तें मंगळाशीं पोंचलें आणि नष्ट झालें. चौकशींत निष्पन्न झालें तें असें कीं, यानाच्या लहान इंजिनांनीं दिलेला धक्का जमिनीवरील एक प्रोग्रॅम पौंडांच्या मापांत सांगत होता व दुसरा प्रोग्रॅम तोच आंकडा न्यूटनच्या मापांतला समजत होता. दोहोंत सुमारें साडेचार पटींचा फरक. दोन्ही बाजूंस नुसत्या संख्याच होत्या. आणि नुसत्या संख्येच्या कपाळावर तिची जात लिहिलेली नसते. पौंडांचा धक्का व न्यूटनचा धक्का हे दोन वर्ग मानून त्यांची भेसळ नाकारली गेली असती, तर चूक जमिनीवरच उघडकीस येण्याचा संभव होता. वर्गाचें काम बेरीज करून देणें हें आहेच. परंतु अयोग्य बेरीज नाकारणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे.

तारखांचें उदाहरण घरगुती आहे. दसऱ्याच्या तारखेंत वीस दिवस मिळविले तर नवी तारीख मिळते. दिवाळींतून दसरा वजा केला तर दिवस मिळतात. पण दसरा अधिक दिवाळी ह्यास कांहींच अर्थ नाहीं. पायथॉनमधील तारखांचा वर्ग पहिल्या दोन क्रिया करतो व तिसरीस साफ नकार देतो. उलट शब्दांची बेरीज ती मान्य करते, पण तेथें 'राम' अधिक 'राव' ह्याचा 'रामराव' होतो व क्रम उलटल्यास 'रावराम' असें भलतेंच कांहीं होतें. म्हणजे पदांची अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाहीं, हा शाळेंतला नियम तेथें सुटला. आंकडे अवतरणांत लिहिले तर '५' अधिक '७' ह्यांचे सत्तावन्न होतात, आणि आपलें काय चुकलें हें नवशिक्यास उमगत नाहीं. चिन्हाचा अर्थ वस्तूच्या जातींत असतो, चिन्हांत नसतो, हेंच ह्यावरून सिद्ध होतें.

ह्या इतिहासावरून गॉस्लिंगचें बरोबर कीं स्टीलचें, असा निकाल द्यावयाचा झाल्यास आमच्या मतें तो असा द्यावा लागेल. दुरुपयोगाच्या भीतीनें अधिकारच काढून घेणें हा उपाय रोगापेक्षां फारसा बरा नाहीं. कारण ज्यास फसवावयाचें आहे तो 'मिळव' असें नांव देऊन आंत वजाबाकी लिहूं शकतोच. पण + ह्या चिन्हास पांचशें वर्षांचा विश्वास चिकटलेला आहे, हेंहि विसरून चालणार नाहीं. तें चिन्ह दिसतांच वाचक आंत डोकावून पाहत नाहीं. अर्थ ठाऊक आहे असें धरून पुढें जातो. म्हणून अधिकार द्यावा, परंतु तो वापरणारानें त्या विश्वासाचें ऋण मानावें. बेरजेनें नवी वस्तु उत्पन्न व्हावी, जुन्या दोन वस्तूंस धक्का लागूं नये. पांचांत तीन मिळविल्यानें पांच हा अंक बदलत नाहीं, तशीच रकमेंत रक्कम मिळविल्यानें पहिली रक्कम बदलतां कामा नये. उत्तर शक्यतों त्याच जातीचें असावें. विजातीय पद आलें तर अंदाजानें कांहीं तरी उत्तर देण्यापेक्षां स्पष्ट नकार द्यावा. आणि जेथें सामान्य माणसास बेरीज ह्या शब्दानें अर्थबोध होणार नाहीं, तेथें चिन्हाचा मोह सोडून साधें नांव वापरावें.

नवशिक्या विद्यार्थ्यानें दोन वस्तूंमध्यें प्रथमच + लिहिलें आणि यंत्रानें त्याच्याच नियमानें उत्तर दिलें, म्हणजे त्यास आनंद होतो, आणि तो होणें योग्यच आहे. लाइप्झिगच्या व्यापाऱ्यांपासून ऑस्लोच्या दोन मित्रांपर्यंत अनेकांनीं थोडाथोडा मोकळा केलेला हा अधिकार आहे. त्याच वेळीं त्याच्या शिक्षकानें त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: हें तुझें चिन्ह उद्यां दुसरा कोणी वाचील, तेव्हां तूं ठरविलेला अर्थ त्यास न सांगतां कळेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी देतां येईल असा वर्ग ज्यानें लिहिला, त्यास वस्तूंची बेरीज आली असें समजावें.